विश्लेषण : घरच्या बिअरच्या बाटलीवरचे चित्र कोणाचे?

छंद म्हणून घरी बिअर करणाऱ्या अमेरिकी मंडळींमध्ये लेबलासाठी स्वतः काढलेली छोटी चित्रे एकमेकांना देण्याची रीत आहे. चित्र फुकट मिळते. ते कुठे आणि कशासाठी वापरायचे, हे मात्र सोबत लिहिलेले असतेच असे नाही. न लिहिलेल्या या एका ओळीने काय बिघडू शकते?

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचे एक ठरलेले माप आहे. पाच गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर. १२ औंसांच्या बाटल्यांत ती भरली, तर तळाचा गाळ सोडूनही पन्नासच्या आसपास बाटल्या होतात. सगळ्या तपकिरी, सगळ्या सारख्या. पुढच्या महिन्यात दुसरा घाणा निघतो आणि कपाटात शंभर बाटल्या उभ्या राहतात. त्यातली कडवट कोणती, गव्हाची कोणती, अजून आठवडाभर ठेवायला हवी ती कोणती, हे बाहेरून कळत नाही. लेबलाची गरज इथून सुरू होते.

खरे तर झाकणावर मार्करने तारीख लिहिली तरी भागते. पण महिनाभर खपून केलेली वस्तू मित्राच्या हातात देताना नुसती तारीख कोणाला पुरते? मग नाव ठरते, नावाला साजेसे चित्र शोधले जाते. हॉप्सचा घोस, जवाची ओंबी, लाकडी पिंप, फेसाळता मग, कोपऱ्यात भरायला एखादी नक्षी. ज्याला चित्र काढता येते तो काढून इतरांना देतो, ज्याला येत नाही तो घेतो. यालाच घरगुती क्लिप आर्ट म्हणायचे.

घरी बिअर करणे तिथे कायदेशीर कसे झाले?

अमेरिकेतील दारूबंदी १९२० मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये उठली. त्यानंतर घरी वाइन करणाऱ्यांना सूट मिळाली, बिअर करणारे मात्र राहून गेले. ही चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तरतूद लागू झाली. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त करता येते. राज्यांनी आपापले कायदे सावकाश बदलले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये तयार झाली.

मराठीत दारू 'गाळतात' असे म्हणण्याची सवय असल्याने एक खुलासा इथेच करावा लागेल. गाळणे हे ऊर्ध्वपातन आहे, त्यात वाफ थंड करून मद्य वेगळे काढतात. बिअर आंबवली जाते. घरी ऊर्ध्वपातन करून मद्य काढणे या सुटीत बसत नाही. १९७८ ची सूट फक्त आंबवलेल्या बिअरला आहे.

त्या सुटीला एक अट आहे. बिअर स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी; विकायची नाही. स्पर्धेला किंवा चव घेण्याच्या कार्यक्रमाला नेता येते, मित्रांना देता येते. चित्रांच्या देवाणघेवाणीतही ही 'न विकण्याची' अट सगळ्यांनी मनात गृहीत धरलेली असते आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. कारण छंद कायम छंदच राहतो असे नाही. केन ग्रॉसमन कॅलिफोर्नियातील चिको गावी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवत होते. १९८० मध्ये त्यांनी सिएरा नेवाडा या नावाने बिअर बाजारात आणली. ती आज अमेरिकेतील मोठ्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक आहे. गॅरेजमधून कारखान्याकडे गेलेले असे बरेच आहेत.

क्लिप आर्ट आली कुठून?

नावातच कात्री आहे. संगणकापूर्वी छापखान्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना चित्रांची पुस्तके मिळत. हवे ते चित्र कापायचे, मजकुराच्या पानावर चिकटवायचे आणि त्या पानाचा फोटो काढून छपाईची प्लेट बनवायची. न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने जुन्या कोरीव चित्रांची अशी कितीतरी पुस्तके काढली. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच एक स्पष्ट सूचना असे : एका कामासाठी दहापर्यंत चित्रे वेगळी परवानगी न घेता, पैसे न देता वापरा. एका वाक्याची ती परवानगी आजच्या अनेक संकेतस्थळांच्या लांबलचक अटींपेक्षा जास्त उपयोगाची होती.

मॅकिंटॉश संगणक १९८४ मध्ये आला आणि त्याच वर्षी टी-मेकर कंपनीचा 'क्लिकआर्ट' हा चित्रसंच आला. पुढे मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधली चित्रे जगभर पोहोचली. आपल्याकडच्या शाळांचे प्रकल्प, सोसायट्यांच्या सूचना आणि सत्यनारायणाची निमंत्रणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती वेगळी सांगायला नकोत. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा साठा बंद केला आणि वापरकर्त्यांना बिंगच्या चित्रशोधाकडे वळवले.

दरम्यान २००४ मध्ये ओपन क्लिप आर्ट लायब्ररी उभी राहिली होती. देशोदेशीच्या ध्वजांच्या चित्रांपासून सुरू झालेल्या या संग्रहाचा नियम सोपा होता : इथे चित्र ठेवायचे तर त्यावरचे सर्व हक्क सोडायचे. हॉप्स, पिंपे, बाटल्या, मग असे पुष्कळ काही तिथे होते. २०१९ मध्ये सायबर हल्ल्यानंतर हे संकेतस्थळ बंद पडले आणि दीर्घकाळ बंदच राहिले. एक साठा मालकाच्या निर्णयाने गेला, दुसरा हल्ल्याने अडकला. फरक एवढाच, की दुसऱ्या साठ्यातले चित्र ज्यांनी उतरवून ठेवले होते त्यांना ते पुढे वाटण्याचा हक्कही होता.

'फुकट' आणि 'मोकळे' यात फरक काय?

एखाद्याने हॉप्सचे चित्र काढले आणि 'घ्या, वापरा' म्हणून चार लोकांना पाठवले. कायद्याच्या नजरेत काय झाले? चित्र कागदावर किंवा संगणकात उमटले त्या क्षणी काढणाऱ्याला स्वामित्वहक्क मिळाला. नोंदणी लागत नाही, गोलातले 'सी' हे चिन्हही लागत नाही. अमेरिकेने बर्न करार स्वीकारल्यावर १ मार्च १९८९ पासून तिथेही ही अट गेली. म्हणजे काहीच लिहिलेले नसेल तर 'सर्व हक्क राखीव' हीच मूळ स्थिती. 'घ्या, वापरा' एवढ्या बोलण्यातून काही परवानगी गृहीत धरता येईल, पण ती कुठवर? घरच्या बाटलीवर लावण्यापुरती की टी-शर्टवर छापण्यापर्यंत? ते चित्र तिसऱ्याला देता येईल का? त्यात बदल करता येईल का?

या प्रश्नांची गरज बाटली भेट म्हणून दिली जाते तोवर पडत नाही. आठ वर्षांनी त्याच माणसाने ब्रुअरी काढली, ग्राहकांना ओळखीचे झालेले तेच लेबल पुढे ठेवले, तेच चित्र कॅनवर, ग्लासवर आणि कोस्टरवर गेले, की प्रश्न एकदम पैशांचे होतात. अमेरिकी कायद्यात वेळेत नोंदणी केलेल्या कलाकृतीचा हक्कभंग सिद्ध झाला, तर प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केला असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई देता येते. प्रकरण कोर्टात गेलेच नाही तरी छापलेला माल बदलण्याचा खर्च राहतोच. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याने चांगुलपणाने चित्र दिले आणि ज्याने चांगुलपणाने घेतले, ते दोघे एकमेकांसमोर उभे राहतात. दोघांपैकी कोणीही लबाड नसताना!

हे टाळण्यासाठीच क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने आहेत. पण त्यांतला कोणता निवडावा, इथे अनेक जण चुकीच्या बाजूला जातात. हौशी चित्रकाराचा पहिला कल 'एनसी' म्हणजे अव्यावसायिक वापराच्या परवान्याकडे असतो. 'माझ्या चित्रावर कोणी पैसे कमावू नयेत' ही भावना समजण्यासारखी आहे. पण क्लिप आर्टसाठी हा परवाना अडचणीचा ठरतो. क्लबने वर्गणी काढून केलेला कार्यक्रम व्यावसायिक का? धर्मादाय लिलावात ठेवलेल्या टोपलीवरचे लेबल? साहित्याच्या दुकानाने ग्राहकांना दिलेले नमुना लेबल? परवान्यातील व्याख्या 'व्यापारी फायदा किंवा मोबदला हा मुख्य हेतू' असे सांगते, आणि मुख्य हेतू कोणता यावर दोन वकील तीन मते देतील. शिवाय मूळ गरज, म्हणजे उद्या छंदाचा धंदा झाला तर काय, ती तशीच राहते.

'एसए' म्हणजे 'बदल करून केलेली कृतीही याच अटींवर वाटा' हा परवाना सॉफ्टवेअरच्या जगातून आलेल्यांचा लाडका. पण पाच जणांची पाच चित्रे जोडून केलेल्या लेबलावर कोणाची अट चालणार, हे सोडवत बसावे लागते. 'बीवाय' म्हणजे श्रेय देण्याची अट त्या मानाने सोपी. मात्र चार इंची लेबलावर चार चित्रकारांची नावे घालायला जागा हवी. परवाना 'वाजवी पद्धतीने' श्रेय द्या एवढेच म्हणतो, त्यामुळे नावे सोबतच्या चिठ्ठीवर देण्याचा मार्ग उरतो.

उरतो सीसी झिरो. २००९ मध्ये आलेल्या या घोषणेद्वारे काढणारा आपले सर्व हक्क, कायद्याने जेवढे सोडता येतात तेवढे, सोडतो. क्लिप आर्टसारख्या छोट्या, दहा ठिकाणी कापल्या-जोडल्या जाणाऱ्या चित्रांना हाच पर्याय योग्य वाटतो. ज्याला एवढे सोडायचे नाही त्याने श्रेयाची अट घालावी. तेही नको असेल तर 'फक्त घरगुती वापरासाठी, विक्रीसाठी आधी विचारा' असे साध्या शब्दांत लिहावे. तोही प्रामाणिक पर्याय आहे. काहीही न लिहिणे हा सर्वात वाईट पर्याय. आणि एक लक्षात ठेवायचे : क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की दिलेल्या प्रतींपुरता मागे घेता येत नाही. मित्राची ब्रुअरी चालायला लागली म्हणून मन बदलले, असे चालत नाही.

'स्वतः काढलेले' कशाला म्हणायचे?

संगणकावर एखादा फोटो उघडून 'ट्रेस' करण्याची आज्ञा दिली की दोन मिनिटांत रेषांचे चित्र तयार होते. ते घरी तयार झाले हे खरे, पण फोटो दुसऱ्याचा असेल तर त्या चित्रावर त्याचा हक्क राहतो. असे चित्र 'माझे, सर्वांसाठी मोकळे' म्हणून वाटणारा आपल्याकडे नसलेली वस्तू दान करत असतो, आणि घेणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. म्हणून चित्रासोबत परवानगीइतकीच दुसरी एक ओळ हवी : हे कशावरून काढले. अंगणातल्या वेलावरून, स्वतःच्या फोटोवरून की जुन्या पुस्तकातून.

जुनी पुस्तके ही खरोखर चांगली खाण आहे. हॉप्सच्या वेलाचे अनेक लेबलांवर दिसणारे एक सुंदर चित्र जर्मनीत १८८७ मध्ये आलेल्या 'क्योलर्स मेडिझिनाल-फ्लान्झेन' या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातले आहे. त्यावर आता कोणाचा हक्क नाही. अमेरिकेत ९५ वर्षांपूर्वी प्रकाशित झालेली चित्रे मोकळी होतात, दरवर्षी १ जानेवारीला एकेक वर्ष पुढे सरकते. अशा सपाट चित्राचा कोणी हुबेहूब फोटो काढला म्हणून त्याला नवा हक्क मिळत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात दिला. तोच कोरेल, ज्याच्या ड्रॉ सॉफ्टवेअरवर आपल्याकडच्या लग्नपत्रिका बनतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट उलटी आहे. माणसाची निर्मिती नसेल तर स्वामित्वहक्क नाही, ही अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाची भूमिका वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केली. म्हणजे असे चित्र देणाऱ्याकडे परवाना देण्यासारखे काही नसतेच. घेणाऱ्याला ते वापरता येईल, पण उद्या शेजारच्या ब्रुअरीने तेच उचलले तर स्वामित्वहक्काच्या आधारे थांबवता येणार नाही.

प्रसिद्ध लेबलाची गंमत केली तर?

स्वामित्वहक्क सुटला तरी व्यापारचिन्ह सुटत नाही. ब्रिटनमधले पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह एका बिअरचेच आहे, बास कंपनीचा लाल त्रिकोण, १ जानेवारी १८७६. मानेच्या १८८२ च्या 'अ बार अ‍ॅट द फोली-बेर्झेर' या चित्रात काउंटरवरच्या बाटल्यांवर तो दिसतो. गिनेसने आपले हार्प हे तंतुवाद्य १८७६ मध्येच नोंदवले होते. पुढे स्वतंत्र आयर्लंडने तेच वाद्य राज्यचिन्ह म्हणून घेतले तेव्हा त्याचे तोंड उलट दिशेला ठेवले. कोणीही त्रिकोण किंवा हार्प नव्याने, स्वतःच्या हाताने काढले तरी विकायच्या बिअरवर ते लावता येत नाही. विडंबन म्हणूनही सुटका कठीण आहे. जॅक डॅनियल्सच्या बाटलीसारखे कुत्र्याचे खेळणे विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एकमताने सांगितले, की दुसऱ्याचे चिन्ह स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरले तर विडंबनाच्या नावाखाली खास संरक्षण मिळत नाही.

फाइल कशी द्यावी?

अमेरिकेत लेबलाचा एक प्रचलित आकार चार इंच बाय सव्वातीन इंचांहून थोडा जास्त असतो. एका कागदावर सहा बसतात, पन्नास बाटल्यांना नऊ कागद. ३०० डीपीआयने छापायचे तर पूर्ण लेबलाला साधारण १२०० बाय १००० पिक्सेल लागतात. २०० पिक्सेल रुंदीचे चित्र तिथे पाऊण इंचही व्यापत नाही. ताणले की पायऱ्या दिसतात. म्हणून एसव्हीजी बरी. तिच्यात ठिपके नसतात, रेषांची गणिती वर्णने असतात, त्यामुळे ती झाकणावर आणि फलकावर सारखीच स्वच्छ उमटते. ती बदलता येते, आणि मुख्य म्हणजे परवान्याची माहिती तिच्या आतच लिहून ठेवता येते. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे. चित्र दहा हातांतून फिरले, नाव बदलले, तरी कोणी मुद्दाम पुसली नाही तर परवानगी सोबत राहते. चित्रात अक्षरे असतील तर फॉन्टचा परवानाही पाहावा लागतो. पुष्कळ 'मोफत' फॉन्ट फक्त खासगी वापरापुरते मोफत असतात.

लेबलावर नाव आणि चित्राबरोबर अल्कोहोलचे प्रमाण लिहितात. आंबवण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या विशिष्ट घनतेतील फरकाला १३१.२५ ने गुणले की अंदाज मिळतो. १.०५० वरून १.०१० वर आली तर सव्वापाच टक्के. हे चिकटवायचे कशाने? दुधाने! दुधातील केसीन काचेवर साधा कागद घट्ट धरते आणि पाण्यात भिजवले की लेबल सहज सुटते. बाटली पुन्हा वापरायची असल्याने हे सोयीचे. इंकजेटची शाई मात्र फ्रिजमधल्या ओलाव्याने पसरते, लेझर छपाई टिकते. एवढे करून बिअर स्पर्धेला पाठवायची तर लेबल काढूनच पाठवावी लागते, कारण परीक्षकांना बाटली कोणाची हे कळता कामा नये.

आपल्याकडे काय स्थिती?

महाराष्ट्रात घरी बिअर करण्याला अमेरिकेसारखी सूट नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने नियम राज्यागणिक बदलतात, पण गोव्यातही निर्मितीला अबकारी परवाना लागतो. तिथे आणखी एक अडसर आहे. काजूच्या बोंडाचे मोकळे चित्र कोणीही कुठल्याही बाटलीवर लावेल, पण काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने 'फेणी' हे नाव कोणालाही कुठेही लावता येत नाही.

भारतीय चित्रे उलट दिशेने तिकडे जातात तेव्हाही प्रश्न येतो. अमेरिकेतल्या एका ब्रुअरीने इंडिया पेल एल प्रकारच्या बिअरच्या लेबलावर गणपतीचे चित्र छापले, त्याला तिथल्या हिंदूंनी आक्षेप घेतला. चित्रसंग्रहात 'हत्ती', 'भारत', 'नक्षी' एवढ्याच खुणेने ठेवलेले चित्र उचलणाऱ्याला तो देव आहे हे कळेलच असे नाही. देणाऱ्याने ते लिहिले तर निदान अजाणतेपण तरी उरणार नाही.

परवानगीचा प्रश्न इथेही तोच आहे, फक्त बाटलीत बिअरऐवजी कोकम आगळ, मध किंवा लोणचे असते. बचत गटाच्या बरणीवरचे आंब्याचे चित्र अनेकदा कोणीतरी मोबाइलवर शोधून दिलेले असते आणि गटाचा माल पहिल्या दिवसापासून विक्रीसाठीच असतो, म्हणजे इथे छंदाची ढालही नाही. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तो सोडायचा असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम २१ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर निबंधकाकडे अर्ज न करता जाहीर सूचना देऊनही हक्क सोडता येतो. गावातल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी गटासाठी आंबा, कोकम, आवळा काढून दिले, तर त्याच कागदाच्या मागे नाव, तारीख आणि 'विक्रीच्या मालावर वापरण्यास हरकत नाही' एवढे लिहून सही घ्यायला दोन मिनिटे लागतात.